थडग्याच्या दाराबाहेर

ऐक. नुसतं ऐक, आणि मधेच 'मग ती तेव्हाच का नाही बोलली' असं विचारू नकोस, एका दमात सांगता येतंय तोवर सांगू दे मला. इब्तिहाल माहितीये ना तुला? इथे कैरोत, आपल्या शुब्र्यात औषधांच्या दुकानात असते ती, उंच, चष्म्यातली, गोळ्यांची पाकिटं कात्रीने इतकी सरळ कापते की बघत राहावं. तर ती. नवऱ्याबरोबर आणि सासूबरोबर लक्सरला गेली होती, देवळं बघायला, थडगी बघायला, म्हणजे तिला तरी तसंच सांगितलं होतं. आणि पहिल्याच दुपारी, लक्सरच्या देवळात पार आतल्या बाजूला, जिथे भिंतीभिंतीवर तोच एक देव कोरलाय, एक हात वर आणि पुढे ते तसलं उभं, तिथे सासूने तिचं बोट धरलं. धरलं म्हणजे लहान मुलाचं धरतात तसं नाही, मुठीत आवळलं, आणि नेऊन भिंतीवर टेकवलं, देवाच्या नेमक्या त्या जागेवर. बाकीचा देव दगडाच्या रंगाचा, कोरडा, आणि तेवढीच जागा काळी, तेलकट, तव्याच्या बुडासारखी. कितीतरी बायकांनी हात लावून लावून केलेली. 'लाव गं,' सासू म्हणाली, हजला जाऊन आली म्हणून सगळे तिला हाग्गा इनायात म्हणतात, 'लाजायचंय काय त्यात, दगड आहे.' मागून हाझेम, तिचा नवरा, मोबाइल वर धरून म्हणाला, 'आई, जराशी सरक ना, हिचा चेहरा येत नाहीये.' आणि इब्तिहालला फक्त एवढंच कळलं की दगड ओला आहे. आधीच्या बाईचा घाम होता तो. कोमट. तो तिच्या बोटाला लागला, आणि बघ, इतकीशी गोष्ट, तळहाताएवढीही नाही, पण सुरुवात तिथून झाली. बाहेर आल्यावर तिने बाटलीतलं पाणी त्या बोटावर ओतलं, मग पुन्हा ओतलं, मग ते बोट बाकीच्या बोटांपासून लांब धरून चालायला लागली, भाजल्यासारखं.

आता तिला राग का नाही आला असं वाटेल तुला. राग येण्यासारखं खूप होतं, पण हाग्गा इनायातवर रागावणं कठीण आहे. ती वाईट बाई नाही. तरुणपणी विधवा झालेली, एकुलता एक मुलगा वाढवलेला, आणि सून आली तर तिच्या तापात रात्रभर तिचे पाय मांडीवर घेऊन कापराचं तेल चोळणारी. वरच्या मजल्यावरून रोज टोपली सोडायची, कधी भरलेली वांगी, कधी नुसता पुदिना, आणि ओरडायची, 'खाऊन घे, दुकानात उभी राहून राहून काठी झालीयस.' माया खरी होती. फक्त त्या मायेला एक नातू हवा होता. आणि नातू का होत नाही ह्याचं कारण हाग्गाला पक्कं ठाऊक होतं. लग्नाच्या आठवड्यात इब्तिहालची आत्या फौकीया खाटकाकडून थेट घरी आली, हातात कच्च्या मटणाचं पुडकं, कागदातून रक्त ठिबकतंय, आणि तशीच नव्या नवरीच्या खोलीत शिरली. नवरी उठून दारापर्यंत सामोरी आली असती तर काही नव्हतं. पण इब्तिहाल पलंगावर बसून पायाच्या नखांचा रंग वाळवत होती, ती उठली नाही. झालं. मुशाहरा लागली. कूस बांधली गेली. ही गोष्ट हाग्गा एवढ्यांदा सांगायची की इब्तिहालला हल्ली तो रंगसुद्धा आठवायचा, गर्द डाळिंबी, आणि ते मटण, आणि दोन्ही एकच वाटायची, आपल्याच नखांवरून काहीतरी ठिबकतंय असं.

पण खरं काय होतं ते तिघांना माहीत होतं, तिला, हाझेमला आणि डॉक्टरला. हिवाळ्यात दोघांच्या तपासण्या झाल्या होत्या. डॉक्टर अगदी सरळ बोलला होता, 'बाईंचं सगळं व्यवस्थित आहे. अडचण हाझेमसाहेबांची आहे, आणि ती औषधाने जाण्यातली नाही.' खाली उतरताना लिफ्ट बंद होती. जिन्याच्या वळणावर हाझेम पायरीवर बसला आणि रडायला लागला, तिला खाली ओढून तिच्या मानेत तोंड खुपसून. फरश्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांना हसत हसत गुंडाळणारा हाझेम, आणि असा. 'आईला सांगू नकोस. ती मरेल. मला जरा वेळ दे, मी सांगेन.' इब्तिहालने त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि कबूल केलं. आणि खोटं कशाला बोलू, तेव्हा तिला ते आवडलंही होतं. एका माणसाचं सगळं आपल्या मुठीत आहे, आपण सोडलं तर तो पडेल, असं वाटून तिला मोठी झाल्यासारखं वाटलं होतं. मानेवर त्याच्या नाकाडोळ्यांचा ओला डाग पडला होता आणि तो तिने पुसला नव्हता, तसाच वाळू दिला होता. त्या डागाची आता, लक्सरच्या उन्हात, बोट लांब धरून चालताना तिला आठवण झाली आणि मान खाजायला लागली.

कारण हाग्गाने निघण्याआधी सांगितलं होतं, अगदी प्रेमाने, भाजी निवडता निवडता, 'लक्सर होऊ दे. नाहीच झालं काही, तर रमझाननंतर मला रीहामच्या बापाशी बोलावं लागेल. तू कुठे जाणार नाहीस, मोठी म्हणून राहशील, तुला कोण हात लावतंय.' रीहाम म्हणजे हाझेमच्या मामाची मुलगी. त्या दिवशी खोलीचं दार लावून इब्तिहाल नवऱ्याला म्हणाली, 'आता सांगायचंस. मी दुसरी बाई माझ्या स्वयंपाकघरात उभी राहू देणार नाही, तुझ्यासाठी नाही आणि कुणासाठी नाही.' तो म्हणाला, 'लक्सरला सांगतो. शपथ. घरात जमत नाही गं, घरात भिंतीवर बाबांचा फोटो आहे.' म्हणून ती आली होती. कळलं ना? देवळं बघायला नव्हतीच आली ती. तो कधी तोंड उघडतो हे बघायला आली होती.

कर्नाकच्या देवळात तळ्याच्या काठावर तो दगडी भुंगा आहे, त्याला मुलासाठी सात फेऱ्या घालतात. हाग्गाचे पाय सुजलेले, ती कठड्यावर बसली, मांडीवर खारवलेल्या बियांची पुडी, दातांनी फोडायची आणि सालं ओठांवरच राहायची, बोलताना हलायची. 'दोघं मिळून घाला,' ती म्हणाली. हाझेमने इब्तिहालचा हात धरला. ऊन इतकं की दगडांतून भट्टीसारखी धग येत होती, आणि त्याचा हात घामाने बुळबुळीत. त्यांच्याबरोबर शाळकरी पोरी, परदेशी म्हातारे, एक नवं जोडपं, सगळे गरगर फिरतायत, एकमेकांच्या घामाचा वास घेत. आणि हाझेम मोठ्याने मागायला लागला, 'मुलगा दे, मुलगी दे, बाबा जुळं दे, आम्ही नाही म्हणत नाही.' पोरी हसल्या. परदेशी म्हातारेही हसले, काही न कळून. इब्तिहालने त्याच्या आवाजात खोटं शोधलं, कान लावून शोधलं, कारण थोडं जरी सापडलं असतं तरी तिने त्याला माफ केलं असतं. नाही सापडलं. तो खरंच मागत होता. तेव्हा तिच्या लक्षात आलं की ह्याने ती गोष्ट आईला सांगितली नाही ते ठीक, ह्याने ती स्वतःलाही सांगितलेली नाही. ती तिच्याकडे ठेवायला दिलीय आणि हा मोकळा झालाय.

पुढे एका भिंतीवर एक जुनी राणी कोरलेली होती, म्हणजे आता नव्हती. मागून आलेल्या राजांनी तिला खरवडून काढलीय. पण कशी, तर तिच्या कडेकडेने, काळजीने, आजूबाजूच्या देवांना धक्का न लावता. दोन्ही बाजूंनी देव घागरी वाकड्या करून पाणी ओततायत, आणि मधे माणसाच्या आकाराचा खडबडीत खड्डा. घाईने, रागाने फोडली असती तर इब्तिहालला काही वाटलं नसतं. ते सावकाशपण तिला सहन झालं नाही. कुणीतरी दुपारची भाकरी खाऊन, हात पुसून, पुन्हा छिन्नी उचलली असेल, आज खांदे, उद्या मान. 'काय बघतेस?' हाझेमने विचारलं. 'काही नाही,' ती म्हणाली, 'तू आईशी बोललास का?' तो म्हणाला, 'आत्ता? इथे? तिचे पाय बघ किती सुजलेत.' आणि तो धावत जाऊन आईसाठी उसाचा रस घेऊन आला, पेल्याच्या काठावर माश्या बसलेल्या. हाग्गाने अर्धा पिऊन उरलेला सुनेला दिला. कडेला तिच्या ओठाचा, मिठाचा, बियांच्या सालीचा ठसा. इब्तिहालने तो प्यायला. नाही कसं म्हणणार.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या तीरावर जायचं होतं. तूच सांग, नाईलवरच्या त्या बोटीत बसल्यावर कुणाला बरं वाटणार नाही. वारा होता. हाझेम आईला घेऊन वरच्या डेकवर गेला, जाताना इब्तिहालकडे बघून त्याने पापण्या मिटल्या, म्हणजे आत्ता सांगतो. ती खाली बसली, सायकली, कोंबड्यांचे पिंजरे, बर्फाच्या लाद्या ह्यांच्यात, आणि तिचं सगळं अंग वर लागलेलं. वरून रडणं येईल, हाग्गा उरावर हात मारेल, काहीतरी पडेल. काही आलं नाही. पलीकडे लागल्यावर दोघं उतरून आली. हाग्गाचा चेहरा शांत, धुतल्यासारखा. तिने इब्तिहालला तीळ लावलेलं पावाचं कडं घेऊन दिलं, डोक्यावरची ओढणी नीट केली, गालाला हात लावला. हाझेम शीळ घालत होता. म्हणजे नाही सांगितलं, इब्तिहालने ठरवलं. सांगितलं असतं तर ही बाई अशी शांत राहिली असती का? आणि तिळाचं कडं तिच्या तोंडात वाळूसारखं फिरत राहिलं.

बस्तावी नावाचा माणूस गाडी घेऊन थांबला होता, गुर्ना गावातला, लांब करड्या झग्यातला, हाग्गाच्या कुठल्याशा मैत्रिणीने नाव दिलेलं. दिवसभर त्याने फिरवलं. नाक उडालेले दोन राक्षसी पुतळे, मांड्यांवर हात ठेवून कुणाच्या तरी निकालाची वाट बघत बसल्यासारखे. मग राजांची थडगी. लांब उतरता बोळ, आणि त्यात वर येणाऱ्या आणि खाली जाणाऱ्या माणसांची एकमेकांवर घासाघासी, भिंतींवर काच, काचेवर श्वासाचं पाणी, आणि काचेआड रंग, इतके ताजे की हात लावला तर लागतील असे. इब्तिहालला ते सुंदर वाटायला हवं होतं. तिला दिसत होतं ते एवढंच की एवढं सगळं रंगवलंय ते एका प्रेतासाठी, आणि आपण सगळे त्याच्या पोटात उतरतोय, त्याच्या आतड्यातून, ओळीने, घाम गाळत. मागची बाई तिच्या मानेवर श्वास सोडत होती. तिच्या मानेवरची ती जुनी जागा पुन्हा खाजली.

दुपारी बस्तावीच्या बहिणीकडे जेवण. कबुतरं, आत भरड गहू भरलेले, तुपात निथळणारी. हाझेमला कबुतर म्हणजे जीव की प्राण. तो छोटी छोटी हाडं चोखायचा, एकेक, डोळे मिटून, आणि चोखून झालं की ताटाच्या कडेला ओळीत मांडायचा, स्वच्छ, पांढरी. इब्तिहालला त्या ओळीवरून नजर काढता येईना. हाग्गाने एक मांडी तोडली आणि स्वतःच्या हाताने तिच्या तोंडात घातली, बोटं पार दातांपर्यंत. 'खा. आज ताकद हवी.' आज ताकद कशाला हवी हे तिने विचारलं नाही. नंतर तिला वाटत राहिलं, विचारायला हवं होतं.

मग बस्तावी म्हणाला, 'एक छोटं थडगं राहिलं. तिकीट नाही, गर्दी नाही. आमच्या जुन्या घरामागचं. सरकारने घर पाडलं, दार राहिलंय, किल्ली माझ्याकडे.' हाग्गा म्हणाली, 'आत बायकांची चित्रं आहेत म्हणे, वाजवणाऱ्या, नाचणाऱ्या. तू जा बघून. मला पायऱ्या जमायच्या नाहीत.' आणि काय सांगू, इब्तिहालला चक्क आनंद झाला. गर्दी नाही, काच नाही, सासू नाही, दोन घटका एकटीला अंधारात गार उभं राहायला मिळेल. आणि ती आत असताना हाझेमला आईशी बोलायला मोकळीक मिळेल, हेही तिच्या मनात आलं. तिने स्वतःच हाझेमला म्हटलं, 'मी आत जाते. तू थांब हाग्गापाशी. बोल.' हाझेमने मान हलवली. तिच्याकडे बघितलं नाही.

टेकडीच्या उतारावर विटामातीचा ढीग, त्याच्यामागे लोखंडी दार. बस्तावी टॉर्च घेऊन पुढे. आत वाकून जायचं, मग एक बुटकी खोली. चित्रं होती, पण चुलीच्या धुराने काळी पडलेली. कुठे एक हात, कुठे एक डोळा. खाली मधोमध फाटक्या पट्ट्यांचं काहीतरी पडलेलं. 'त्याच्यावरून पाय टाकून पलीकडे जा, बाई,' बस्तावी म्हणाला, 'पलीकडच्या भिंतीवर चांगलं आहे.' तिने पाय टाकला. ओलांडताना टॉर्चच्या उजेडात तिला दिसलं की ते पाऊल आहे. काळं, खजुरासारखं सुकलेलं, नखं शाबूत. आणि उजेड गेला. झग्याची सळसळ, धावतं पाऊल, आणि लोखंडाचा आवाज. मग कडी.

तेव्हा तिला कळलं. आपल्याकडे म्हाताऱ्या सांगतातच ना, बांधलेली कूस दचक्याने सुटते. कुणी रुळांत झोपवतात, कुणी प्रेतावरून उडी मारायला लावतात, कुणी थडग्यात कोंडतात. अचानक भीती भरली की पोटातली गाठ सुटते. दुकानात गोळ्या घ्यायला आलेल्या बायका तिला हे सांगायच्या आणि ती त्यांना हसायची, वर कात्रीने गोळ्या कापून द्यायची. आता ती तिथे उभी होती आणि भीतीची वाट बघत होती. खरंच, प्रामाणिकपणे वाट बघत होती. छाती धडधडेल, पाय लटपटतील, ती किंचाळेल, आणि बाहेरच्यांना जे हवंय ते मिळेल. भीती आली नाही. वास आला. वटवाघळांच्या मुताचा, जुन्या कापडाचा, आणि त्याखाली काहीतरी गोड, विटलेलं, दुकानाच्या मागच्या कपाटात खोकल्याच्या औषधाची बाटली फुटली होती तसं. तो वास नाकातून आत गेला आणि घशात बसला. तिला वाटलं, हा त्या पावलाचा वास मी आत घेतेय, म्हणजे ते थोडंसं माझ्यात येतंय, तेही कुणाची तरी बायको असेल, तिलाही कुणीतरी अशीच इथे आणून ठेवली. तिने तोंडावर हात दाबला तर हाताला कबुतराच्या तुपाचा वास. सुटका नव्हती. कपड्यांना, केसांना, जिभेला, सगळ्याला कुणाचा ना कुणाचा वास होता, तिचा स्वतःचा असा कुठेच नव्हता.

आणि बाहेरून आवाज आला. दार पातळ पत्र्याचं, सगळं ऐकू येत होतं. बस्तावी म्हणाला, 'उघडू? आवाजच नाही हिचा. बेशुद्ध पडली तर माझ्या गळ्यात यायचं.' आणि हाझेम म्हणाला, 'एवढ्यात नको, काका. अजून थोडा वेळ राहू दे.'

आवाज नेहमीचा. तेच मी तुला सांगतेय, आवाज नेहमीचा होता. थरथर नाही, लाज नाही. दुकानात माल यायला उशीर झाला की गिऱ्हाइकाला म्हणतो ना, 'बसा, चहा येतोय', तोच आवाज, समजूतदार, जरासा गोड. इब्तिहाल अंधारात उभी होती आणि तिला जिन्यातलं वळण आठवलं, पायरीवर बसलेला तो, मानेवरचा ओलावा, 'मला जरा वेळ दे.' तिने दिला होता. हिवाळा दिला, वसंत दिला, आणि तो वेळ तो आता असा खर्च करत होता. पोटातून काहीतरी सरळ वर आलं. तिने भिंत धरायचा प्रयत्न केला, भिंत नव्हती. ती वाकली आणि सगळं बाहेर पडलं, कबुतर, गहू, तीळ, त्या पावलावर, पट्ट्यांवर, स्वतःच्या बुटांवर. ओकारीचा आवाज त्या खोलीत असा घुमला की कुणी दुसरंच ओकतंय असं वाटावं.

दार धाडकन उघडलं. उजेडात हाग्गा, दोन्ही हात पसरलेले, डोळ्यांत पाणी. ओली, घाण झालेली सून तिने तशीच पोटाशी धरली. 'उलटी झाली? बघ बस्तावी, उलटी झाली हिला. सुटलं काहीतरी.' मग तिचे गाल दोन्ही हातांत धरून, अगदी जवळून, 'घाबरलीस ना गं? खरं सांग मला. पोटात हललं ना काही?' तिला हो हवं होतं. एक हो. तेवढ्याने रमझान पुढे गेला असता, रीहाम लांबली असती. हाझेम मागे पाण्याची बाटली घेऊन उभा, आणि त्याचे डोळे म्हणत होते, म्हण ना.

'नाही घाबरले,' इब्तिहाल म्हणाली. 'किळस आली.'

'म्हणजे काय?'

'हाग्गा, माझ्यात काही नाहीये. डॉक्टरने सांगितलंय, ह्याच्यासमोर. ह्याच्यात आहे.'

बोलून झालं. एवढ्या महिन्यांचं, एवढ्याशा वाक्यात. तिला वाटलं आता डोंगर खाली येईल. हाग्गाने बाहीतून रुमाल काढला, त्याला थुंकी लावली, आणि सुनेच्या हनुवटीवरचा गव्हाचा दाणा पुसला. 'माहितीये गं,' ती म्हणाली. 'सकाळी बोटीवर सांगितलं त्याने मला. कसं रडलं माझं लेकरू.'

'मग?'

'मग काय मग. बायकोला मुशाहरा लागली की नवऱ्याचंही बांधलं जातं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तुझ्या आत्याने मटण आणलं, तू उठली नाहीस, ते जाऊन बसलं त्याच्यावर. तू सुटलीस की तो सुटेल. म्हणून तर इतक्या लांब आणली तुला.' आणि रुमाल घडी करून परत बाहीत ठेवत, 'बस्तावीला विचार हवं तर.'

बस्तावी दाराला कुलूप लावत होता. 'मला कशाला मधे घेता, हाग्गा,' तो म्हणाला. 'मी दार उघडतो आणि लावतो.'

हाझेमने बाटलीचं झाकण काढून ती पुढे केली. 'सांगितलं मी, इब्तिहाल,' तो म्हणाला, हळू, फक्त तिला ऐकू येईल असं. 'शब्द दिला होता ना, पाळला.' आणि त्याचा चेहरा बघ तू, म्हणजे तू कल्पना कर. वर्गात उत्तर बरोबर आलेल्या पोराचा चेहरा. शाबासकीची वाट बघत होता. तिने एवढे महिने जे सांग सांग म्हणून टाहो फोडला होता ते त्याने केलं होतं, आणि कशातच काही बदललं नव्हतं. ती ज्या खऱ्याला एवढी सांभाळत होती, उशीखाली ठेवून झोपत होती, त्याची किंमत बोटीच्या त्या एका फेरीएवढीसुद्धा निघाली नाही. त्यांनी ते घेतलं, उलटंपालटं केलं, आणि तिच्याच गळ्यात पुन्हा बांधलं.

'रीहामचं आता काढायचं नाही,' हाग्गा गाडीत चढताना म्हणाली. 'कोवळी पोर आहे. तिच्या आयुष्याची माती कशाला करायची? आपल्याला आता तूच आहेस गं, इब्तिहाल.' आणि तिच्या गुडघ्यावर थोपटलं. 'घाबरली नाहीस म्हणजे नीट लागलं नाही. उद्या परत येऊ.'

पुढच्या सीटवरून हाझेम बस्तावीला म्हणाला, 'सकाळी लवकर येऊ. ऊन चढायच्या आत बरं पडेल.'

गाडी उसाच्या शेतांमधून खाली उतरत होती. हाग्गाला झोप लागली, तिचं जड डोकं इब्तिहालच्या खांद्यावर घसरलं, तोंड किंचित उघडं, उबदार श्वास. इब्तिहालने खांदा हलवला नाही. सवयीने हलवला नाही, आणि त्या सवयीची तिला इतकी शिसारी आली की डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यात घाण काय होतं सांगू? ती गेली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा वाकून त्या दारातून आत गेली असती, तिला स्वतःला ते दिसत होतं, स्वच्छ, पाय उचललेला, ओलांडताना झगा वर धरलेला. कुणी ओढत नेलं नसतं. हाग्गाचे पाय सुजलेत, हाझेम बिचारा रडला, एवढ्यासाठी गेली असती. पहिल्यांदा तिला आपली स्वतःची किळस आली, आणि ती बाकीच्यांपेक्षा वेगळी होती, हिचा वास ओळखीचा होता.

धक्क्यावर बोट लागलेली होती. कामावरून परतणाऱ्या माणसांची रेटारेटी, सायकली, पाट्या. हाझेम एका हाताने आईला सावरत, दुसऱ्या हातात सगळ्यांच्या पिशव्या घेऊन फळीवरून चढला. मागे वळला नाही. ती येतेच आहे, हे तो धरूनच चालला होता. इब्तिहाल फळीपाशी आली. पाय उचलायचा होता. मागचा माणूस म्हणाला, 'चल की ताई.' ती बाजूला झाली. त्याला जाऊ दिलं, त्याच्या मागच्याला जाऊ दिलं, एका बाईला, तिच्या शेळीला. मग फळी ओढून घेतली, आणि बोट आणि काठ ह्यांच्यामध्ये आधी हातभर, मग खोलीभर, मग रस्त्याभर तपकिरी पाणी आलं. मधोमध गेल्यावर हाझेम कठड्याशी आलेला तिला दिसला. त्याने हात वर केला आणि ओरडलासुद्धा नाही, नुसता तळहात दाखवला, थांब तिथेच, असा.

तिच्याकडे काही नव्हतं. फोन, ओळखपत्र, खोलीची किल्ली, सगळं हाझेमबरोबर गेलेल्या पिशवीत. बुटांवर तिची स्वतःची वाळलेली ओकारी. मागे धक्क्यावर बस्तावी गाडी पुसत होता. त्याने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा नदीकडे, आणि विचारलं, 'ताई, असयुतकडे माणसं नेतोय मी आत्ता, पुढे कैरोची गाडी मिळते. बसायचं असेल तर मागे जागा आहे. हाग्गाने मला उद्याचं सांगितलंय, आजचं काही सांगितलेलं नाही.'  ती धक्क्याच्या शेवटच्या दगडावर जाऊन बसली, बूट काढले, आणि पाय नाईलमध्ये सोडले. पाणी गार होतं. काठाला हिरवं शेवाळ, डिझेलचा इंद्रधनुषी तवंग, कुणीतरी फेकलेलं कलिंगडाचं साल, आणि तरीही, दिवसभरात पहिल्यांदा, तिच्या अंगाला जे लागत होतं ते कुणा माणसाचं नव्हतं.

मग पलीकडून बोट परत निघाली. जवळजवळ रिकामी. ह्या वेळेला ह्या बाजूला कोण येतंय. पुढे टोकाला एकच माणूस उभा होता, छातीशी बायकांची पिशवी धरून, दोन्ही हातांनी, तान्हं मूल धरतात तशी. आधी शर्टचा रंग दिसला, मग खांदे, मग कपाळ. मागे बस्तावीने गाडी सुरू केली, पण हलवली नाही, नुसती सुरू ठेवली. हाझेमचे ओठ हलताना दिसायला लागले, काय म्हणतोय ते अजून ऐकू येत नव्हतं, पण चेहरा दिसत होता, आणि तो रागावलेला नव्हता. रागावलेला असता तर सोपं होतं. तो रडत होता.

आता सांग. पाय पाण्यात आहेत, बोट लागायला आलीय, मागे गाडी सुरू आहे. तू काय केलं असतंस?